बहाळा गोठवणीत का टिकला नाही

वळूचं ताजं वीर्य चांगलं असणं ही एक गोष्ट आणि तेच वीर्य उणे 196 अंशांवर गोठवून पुन्हा कोमट केल्यावर चांगलं राहणं ही दुसरी. या दोहोंत जे अंतर पडतं ते सगळंच यंत्राचं किंवा हाताचं नसतं. त्यातलं काही वळू जन्माला येतानाच घेऊन आलेला असतो. मी इगतपुरी तालुक्यात कृत्रिम रेतनाचं काम करतो. घोटीपासून वैतरणेकडच्या वाड्यांपर्यंत गाडीला नत्रपात्र, म्हणजे द्रवनत्राचं भांडं, बांधून फिरतो. गोठवलेल्या वीर्याची कांडी रोज हाताळतो, पण कांडीच्या आत काय टिकतं, काय मरतं आणि का, हे जवळून बघायला मिळालं ते आमच्या घरचा डांगी जातीचा वळू बहाळा वीर्य केंद्रात गेला तेव्हा.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. या पावसात भिजत डोंगर चढून चरणारं आणि भाताच्या खाचरात चिखलणीला दिवसभर उभं राहणारं जनावर डांगीच. कातडीतून तेलकट स्राव येतो, म्हणून पाणी अंगावरून ओघळून जातं. खूर काळे आणि टणक. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि डोंगरापलीकडचं अकोले हा तिचा मुलूख. दूध बेताचं, त्यामुळे दुधाच्या हिशोबात ती मागे पडते. माझ्या नत्रपात्रात होल्स्टीन, जर्सी, गीर यांच्या कांड्या कायम असतात, डांगीची मात्र मागितली आणि मिळाली असं दरवेळी होत नाही. गाय माजावर आली की शेतकऱ्याला थांबता येत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या वेळात डांगीची कांडी नसली तर जी असेल ती जाते, आणि पुढच्या पिढीत डांगीचं रक्त निम्म्यावर येतं. हे होताना मी पाहत आलो आहे. म्हणून केंद्राचे डॉक्टर डांगीचे तरणे वळू शोधत आमच्या भागात आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

आबांना तेवढा झाला नाही. "वळू काय एकट्याचा असतो का?" ते म्हणाले. "वाडीच्या गायींनी कुठं जायचं?" आमच्या वाडीत वळू कुणाच्याही दावणीला असला तरी तो सगळ्यांच्या गायींत फिरतो. जुना वळू अजून काही वर्षं कामाचा आहे, हे चार जाणत्यांनी सांगितल्यावरच त्यांनी होकार दिला.

निवड झाली बहाळाची. डांगीत रंगावरून प्रकार ओळखतात. काळ्या अंगावर पांढरं असलेला तो बहाळा, आणि आमच्या वळूचं नावही तेच पडलं. डॉक्टरांनी त्याची चाल, पाय, खूर बघितले, अंडकोशाचा घेर टेपने मोजला, आईच्या दुधाची चौकशी केली. मग रक्त घेतलं. डीएनएवरून आई-बापाची खात्री करायची होती, गुणसूत्रं तपासायची होती. क्षय, जोन्स, ब्रुसेला यांच्या तपासण्या वेगळ्या. यातलं काहीही निघालं तर वळू केंद्राच्या दारातूनच परत येतो, कारण त्याचं वीर्य हजारो गायींपर्यंत जाणार असतं.

गुणसूत्रांची तपासणी मला फार आवडली. गायीबैलांत गुणसूत्रं 60, म्हणजे 30 जोड्या. काही जनावरांत पहिलं आणि एकोणतिसावं गुणसूत्र एकमेकांना जोडलं जातं आणि मोजणी 59 येते. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1964 साली हा दोष दाखवून दिला. असा वळू दिसायला धडधाकट असतो, वीर्यही चांगलं दिसतं, पण त्याच्या काही शुक्राणूंत गुणसूत्रांचा हिशोब चुकलेला असतो. त्यातून धरलेला गर्भ लवकरच मरतो आणि गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. शेतकरी दोष देतो गायीला किंवा रेतन करणाऱ्याला. बहाळाची 60 भरली. त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट कळते. वाय गुणसूत्र फक्त बापाकडून येतं. आपल्या वशिंडवाल्या देशी वंशात त्याचा सांधा टोकाला असतो, युरोपातल्या वंशात तो मध्याकडे सरकलेला असतो. त्यामुळे बापाच्या, आज्याच्या, पणज्याच्या वाटेत कुठे परदेशी वळू येऊन गेला असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली वायचा आकार बघून ते ओळखता येतं. बहाळाचा वाय देशी निघाला. मी आबांना फोनवर सांगितलं. "ते मला ठाऊकच होतं," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

विलगीकरण संपल्यावर बहाळा केंद्रात दाखल झाला. सिन्नर-संगमनेर रस्त्याने तिथे पोचायला माझा अर्धा दिवस जाई, तरी जमेल तेव्हा गेलो. आमच्याकडे वळू मोकळे वाढतात. त्यांना डमी जनावरावर चढायला शिकवणं सोपं नाही, आणि तिथल्या माणसांनी त्याला एकदाही मारलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. बाहेरून रोग येऊ नये म्हणून वळूंच्या शेडजवळ मला मज्जाव होता, कठड्यापलीकडून बघितलं. कृत्रिम योनीत कोमट पाणी भरून आतलं तापमान 42 ते 45 अंशांवर ठेवतात. ते उतरलं की वळू झेप घेऊनही वीर्य देत नाही. बहाळाने दिलं. चार-साडेचार मिलिलिटर, दाट, मलईच्या रंगाचं.

प्रयोगशाळेत हात-पाय धुऊन, पांढरा कोट घालून आत घेतलं. तिथल्या मॅडमनी थेंबभर वीर्य कोमट काचेवर घेऊन पडद्यावर दाखवलं. लोटच्या लोट उठत होते. विरळ करून एकेक शुक्राणू बघितला तेव्हा शंभरात ऐंशीच्या आसपास सरळ पुढे धावत होते. गोठवायला घ्यायचं तर ताज्या वीर्यात निदान सत्तर लागतात, म्हणजे बहाळा आरामात पास होता. फोटोमीटरवर दाटपणा मोजला, तो मिलिलिटरला शंभर कोटींच्या पुढे गेला.

मग डायल्युटर, म्हणजे वीर्य पातळ करून टिकवणारा द्राव. त्यात ट्रिस, सायट्रिक आम्ल, फ्रुक्टोज, अंड्याचा बलक, प्रतिजैविकं आणि ग्लिसरॉल. या सगळ्या कामाचा पाया ग्लिसरॉल आहे. 1949 साली लंडनजवळच्या मिल हिल इथल्या संस्थेत पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना ग्लिसरॉल शुक्राणूंना गोठवणीत वाचवतं हे दाखवलं, आणि तिथून काही वर्षांतच गोठवलेल्या वीर्यातून वासरं जन्माला येऊ लागली. पेशीतलं पाणी गोठताना त्याचे टोकदार स्फटिक होतात आणि उरलेल्या पाण्यात क्षार दाटत जातात. दोन्ही गोष्टी पेशीला मारतात. ग्लिसरॉल पेशीच्या आत शिरून हे दोन्ही आटोक्यात ठेवतं. पूर्ण थांबवत नाही, हे लक्षात ठेवायचं. चांगल्यातल्या चांगल्या वळूचेही बरेच शुक्राणू गोठवणीत मरतातच.

पाव मिलिलिटरच्या कांड्या भरल्या, सील झाल्या, त्यांवर वळूचा क्रमांक, जात, तारीख छापली गेली. एका कांडीत 2 कोटी शुक्राणू. एका वेळच्या वीर्यातून अशा दोनशेच्या पुढे कांड्या होतात. नंतर चार तास 4 अंशांवर शीतकपाटात ठेवून गोठवण यंत्रात. हे यंत्र द्रवनत्राच्या वाफेने काही मिनिटांत तापमान उणे 140 पर्यंत नेतं, ठरलेल्या वेगाने, आणि मग कांड्या सरळ द्रवनत्रात बुडतात.

दुसऱ्या दिवशी दोन कांड्या 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून वितळवल्या. आपल्या देशात केंद्रांसाठी जे किमान निकष आहेत त्यांत वितळवल्यावर शंभरात पन्नास तरी शुक्राणू पुढे धावणारे हवेत. बहाळाचे तीसच्या आतबाहेर होते. बाकीचे जागच्या जागी थरथरत होते, बरेच निपचित. ती सगळी तुकडी नष्ट केली गेली.

मॅडम लगेच काही बोलल्या नाहीत. तरण्या वळूचं सुरुवातीचं वीर्य बऱ्याचदा नीट गोठत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. दुसरं कारण उन्हाळ्याचं. वळूत एक शुक्राणू तयार व्हायला 61 दिवसांच्या आसपास लागतात आणि त्यानंतर पक्व व्हायला आठ-दहा दिवस आणखी. म्हणजे आज हातात आलेल्या वीर्याने दोन-अडीच महिन्यांपूर्वीचं ऊन सोसलेलं असतं. वृषणांचं तापमान शरीरापेक्षा काही अंशांनी कमी राहावं लागतं. जनावर तापलं की ते बिघडतं आणि त्याचं फळ दोन महिन्यांनी दिसतं. आमचा वळू घाटमाथ्याच्या गारव्यातला, केंद्रातला उन्हाळा कोरडा आणि कडक. "थंडी पडेपर्यंत निकाल द्यायचा नाही," मॅडम म्हणाल्या. ही गोष्ट मला फार पटली. जनावराच्या रक्ताला दोष देण्याआधी हवामान, चारा, वय, वीर्य घेण्याचं अंतर हे सगळं बाजूला काढून बघायला हवं. आमच्या कामात असं थांबून बघणारे थोडे भेटतात.

दिवाळीनंतर निफाडकडे पारा घसरू लागला, केंद्रातही थंडी आली. बहाळा रुळला होता, खात-पीत होता. ताजं वीर्य आधीपेक्षाही सरस. गोठवल्यावर आकडा वर गेला, पण पन्नासला टेकला नाही. पुन्हा घेतलं, तेच. आणि इथेच मॅडमनी मला एका तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं: त्याच दिवशी, त्याच यंत्रात, त्याच डायल्युटरमध्ये, त्याच माणसाने भरलेल्या दुसऱ्या वळूंच्या कांड्या पास. दर वेळी बहाळा खाली आणि बाकीचे ठरावीक जागी. "यंत्र बिघडलं असतं तर सगळे पडले असते. हा वळूचा स्वतःचा स्वभाव आहे," त्या म्हणाल्या. गोठवणीतल्या लोकांत वळूंचे सरळ दोन वर्ग करतात, चांगला गोठणारा आणि वाईट गोठणारा, आणि एकाच वळूचा वर्ग सहसा बदलत नाही.

पण गळती नेमकी कुठे होते? त्यासाठी त्यांनी पुढच्या वेळी प्रत्येक पायरीवर नमुना काढला. डायल्युटर घातल्यावर, 4 अंशांवर चार तास झाल्यावर, आणि वितळवल्यावर. शिवाय एक साधी चाचणी केली, जी मला शाळेतल्या मुलांनाही दाखवावीशी वाटते. शुक्राणू पातळ, कमी क्षाराच्या द्रवात सोडायचे. ज्याचं आवरण शाबूत आहे त्याच्या आत पाणी शिरतं, तो फुगतो आणि त्याची शेपटी वळते. आवरण फाटलेलं असेल तर पाणी आत येऊन तसंच बाहेर जातं, शेपटी सरळच राहते. बहाळाच्या ताज्या वीर्यात शेपट्या भराभर वळल्या. 4 अंशांवर थोडे कमी. वितळवल्यानंतर निम्म्याहून जास्त शेपट्या सरळ. म्हणजे शुक्राणू दमले नव्हते, त्यांची आवरणं फाटली होती.

आवरण का फाटतं, तर ते स्निग्ध पदार्थांचं बनलेलं असतं. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि करडईचं पातळच राहतं. दोन्ही तेलंच, फरक घडणीचा. शुक्राणूच्या आवरणातही कोणती स्निग्धाम्लं किती आणि त्यांच्या जोडीला कोलेस्टेरॉल किती, यावर थंड होताना ते मऊ राहतं की जागोजागी थिजून चिरतं, हे ठरतं. वळूच्या शुक्राणूत मुळातच कोलेस्टेरॉल कमी असतं, म्हणून गारठ्याचा धक्का त्याला लवकर बसतो. पंधरा अंशांवरून पाचवर येतानाचा टप्पा सगळ्यांत नाजूक. पण हे प्रमाण सगळ्या वळूंत सारखं नसतं. ते घडवणारी प्रथिनं वळूच्या जनुकांतून येतात, आणि इथे आनुवंशिकतेचा संबंध सुरू होतो.

मी विचारलं, गोठवणीचा असा एखादाच जनुक असतो का, की तो तपासला म्हणजे झालं? मॅडमनी मान हलवली. पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा हात असतो. आवरणात पाण्याची ये-जा करणारी दारं असतात, अॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. गोठताना पाणी किती चटकन बाहेर पडतं आणि वितळताना किती सावकाश आत येतं, हे त्यांवर अवलंबून. वीर्यातल्या पातळ भागात काही प्रथिनं असतात जी शुक्राणूच्या आवरणाला चिकटून त्यातलं कोलेस्टेरॉल काढून घेतात. गर्भधारणेसाठी हे गरजेचं, पण जास्त झालं तर गोठवणीत आवरण दुबळं पडतं. डोक्यात डीएनए घट्ट गुंडाळून ठेवणारी प्रोटामिन, पेशीवर ताण आला की धावून येणारी उष्माघात प्रथिनं, प्राणवायूच्या उपद्रवी रूपांना आवरणारी विकरं, या सगळ्यांचे जनुक वळूगणिक थोडे वेगळे असतात. म्हणून गोठवणक्षमता बापाकडून मुलाकडे उतरते, पण थोडीच. उंचीसारखी ठळक उतरत नाही.

आणि आई? हा प्रश्न माझा नव्हता, आबांचा होता. मी फोन लावून दिला. डांगीवाल्यांत वळू निवडताना आधी आई बघतात, दूध, पाय, पावसात टिकणं. मॅडमनी त्यांना शांतपणे समजावलं, "आबा, तुम्ही बरोबर ठिकाणी बघताय." वळूला एक्स गुणसूत्र मिळतं ते आईकडूनच, आणि ऑस्ट्रेलियात ब्राह्मण जातीच्या वळूंवर झालेल्या अभ्यासांत अंडकोशाचा घेर आणि शुक्राणूंचे गुण यांचा एक्स गुणसूत्राशी संबंध दिसलेला आहे. दुसरं, शुक्राणूच्या मानेमागे मायटोकॉन्ड्रिया गुंडाळलेली असतात, शेपटीला बळ पुरवणारी. तीही वळूला आईकडूनच आलेली असतात, बापाची पुढे जात नाहीत. गोठवणीत सगळ्यांत आधी मार खाणाऱ्या भागांपैकी हा एक. आबा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे चांदीकडून आलं असंल." चांदी म्हणजे बहाळाची आई.

ते तसंच असेल असं म्हणता येत नाही, पण योगायोगाने ताडून बघायला एक जनावर केंद्रात होतं. पलीकडच्या वाडीतला पारा, बहाळाचाच सावत्र भाऊ, बाप एक आणि आया दोन. त्याचं ताजं वीर्य बहाळापेक्षा किंचित कमीच धावणारं, आणि वितळवल्यावर पन्नासच्या वर. हे मी समोर पाहिलं आणि ते डोक्यातून जात नाही. ताज्या वीर्यात सरस असलेला भाऊ गोठवणीत पडला, दुसरा टिकला. मॅडम मात्र सावध होत्या. दोन वळूंवरून आई की बाप हे सिद्ध होत नाही. अशी शेकडो भावंडं नोंदवली तर कुठे चित्र उमटतं. होल्स्टीनमध्ये अशा नोंदी पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत. डांगीत अशा नोंदी उभ्या राहायच्या आहेत. 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीमच्या कार्यक्रमात देशी गायींसाठी गौ चिप पंतप्रधानांच्या हस्ते आली. रक्ताच्या एका नमुन्यावरून हजारो ठिकाणी डीएनए वाचणारी ही चिप. पण चिपने वाचलेल्या डीएनएला अर्थ येतो तो त्याच जातीच्या जनावरांच्या मोजलेल्या गुणांशी जोड लावल्यावर. डांगीच्या किती वळूंचं वीर्य गोठवून, वितळवून, आकड्यात लिहिलं गेलं, यावर तिचा आम्हाला उपयोग ठरणार. म्हणून नापास झालेल्या वळूचीही नोंद जपून ठेवायला हवी, असं मला कळकळीने वाटतं. बहाळाची ठेवली गेली.

बहाळासाठी कृती बदलून बघितली. ग्लिसरॉल थोडं कमी-जास्त, 4 अंशांवर ठेवण्याचा वेळ वाढवून, बलकाऐवजी सोयाबीनच्या लेसिथिनचा डायल्युटर. काहींत आकडा सुधारला, एका तुकडीत पन्नासच्या अगदी जवळ पोचला. पण दररोज पन्नासेक वळूंचं काम चालणाऱ्या प्रयोगशाळेला एका वळूसाठी वेगळी कृती रोज चालवणं परवडत नाही, हेही मी बघत होतो. शेवटी बहाळा परत पाठवायचं ठरलं.

वाडीत कुणी "वळू वांझोटा निघाला" असं म्हणू नये म्हणून मी आधीच चार घरी जाऊन बोललो. बहाळा वांझ नाही. परत आल्यावर त्याच्या फळवलेल्या गायी गाभण राहिल्या, वासरं झाली, गुटगुटीत. नैसर्गिक फळवणीत वीर्य गारठ्यातून जात नाही. निसर्गाने कधी कुठल्या वळूला उणे 196 अंशांची परीक्षा दिलेली नाही, त्यामुळे त्या परीक्षेत पास-नापास ठरवणारे जनुक आजवर निवडलेही गेले नाहीत आणि गाळलेही गेले नाहीत.

याच्या उलटही घडतं, आणि माझ्यासारख्या रेतन करणाऱ्याने ते ओळखून असावं. जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या फ्लेकवी जातीत काही वळूंचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली निर्दोष दिसे, गोठवणीतही टिके, पण गायी राहत नसत. शंभर रेतनांत दोनही धड नाहीत. 2014 साली त्याचं कारण सापडलं. टीएमईएम95 या जनुकातला एक बिघाड. त्या जनुकाचं प्रथिन शुक्राणूच्या डोक्यावर असतं. ते नसलं की शुक्राणू बीजांडापर्यंत पोचतो आणि तिथे त्याचं काम होत नाही. दोन्हीकडून तोच बिघाड आला तरच वळू असा होतो. म्हणजे धावणारे शुक्राणू मोजून निम्मीच गोष्ट कळते. उरलेली निम्मी गोठ्यात कळते, कोणत्या क्रमांकाच्या कांडीवर किती गायी उलटल्या यावरून.

आता माझं म्हणणं. गोठवणीची चाळणी लावल्याशिवाय कृत्रिम रेतन चालणार नाही, हे मला मान्य आहे. मेलेले शुक्राणू शेतकऱ्याच्या गायीत सोडायचे आणि वर पुढच्या माजापर्यंतचे एकवीस दिवस वाया घालवायचे, याला मी कधीच तयार होणार नाही. पण डांगीसारख्या जातीत, जिथे मुळात निवडक वळू आणि मोजकी घराणी उरली आहेत, तिथे ही चाळणी घराणंच गाळते. नैसर्गिक फळवणीत एक वळू वर्षाला काही डझन गायी बघतो. कांडीतून तोच हजारोंपर्यंत जातो. मग जे दोन-चार वळू चांगले गोठतात त्यांचंच रक्त सगळ्या मुलखात पसरतं, पुढची पिढी एकमेकांची भावंडं होते, आणि पावसात टिकणं, खुरांचा टणकपणा असे गुण एखाद्या न गोठणाऱ्या घराण्यात असतील तर ते शांतपणे संपतात. संकरित वळूंत गोठवण नापास होण्याचं प्रमाण जास्त असतं, हे देशातल्या केंद्रांचं जुनं दुखणं आहे. तिथे हजार वळू नाकारले तरी नवे हजार उभे राहतात. डांगीत तसं नाही.

यासाठी करण्यासारखं खूप आहे. ज्या घराण्यातला एक भाऊ गोठत नाही त्याचा दुसरा भाऊ, पुतण्या, भाचा तपासावा. बहाळा आणि पारा यांनी तेच दाखवलं. न गोठणारा वळू वाडीत फिरता ठेवावा, त्याला मोडीत काढू नये. आणि पन्नासच्या खाली राहिलेलं वीर्य गायींसाठी वाटायचं नाही हे ठीक, पण दुर्मीळ घराण्याचं असेल तर जतनासाठी त्याचा विचार व्हावा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत देशी जातींचं वीर्य गोठवून जपलं जातं. तिथे डांगीची जितकी वेगवेगळी घराणी पोचतील तितकं बरं. मी हे आमच्या भागातल्या बैठकीत उभा राहून बोललो आणि बोलत राहणार आहे.

कांडी हाताळण्याची माझी स्वतःची शिस्तही या काळात आणखी कडक झाली. जे शुक्राणू यंत्रातून वाचून आले ते नत्रपात्राच्या गळ्यापाशी मरू नयेत. कांडी शोधताना डबी पात्राच्या गळ्याखालीच ठेवतो, वर काढून क्रमांक वाचत बसत नाही. पारा गोठवणीत थोडक्यात पास झालेला वळू आहे. अशा वळूच्या कांडीला निष्काळजीपणा सोसत नाही. थर्मास, थर्मामीटर, 37 अंश, अर्धा मिनिट, कांडी पुसून कोरडी, गन थंडीत छातीशी धरलेली. यात काही नवीन नाही, पण प्रत्येक पायरी का आहे हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की ती सुटत नाही.

पाराच्या कांड्या आता माझ्याकडे येतात. प्रत्येक रेतनाला वळूचा क्रमांक आणि तुकडीची तारीख वहीत लिहितो, गाय उलटली तर तेही, तीन महिन्यांनी गाभण तपासणीचा निकालही. बहाळाची खोंडं वाडीत वाढताहेत. त्यातल्या एकाची आई पाराच्या आईच्या घराण्यातली, म्हणजे एका बाजूला न गोठणारं रक्त आणि दुसऱ्या बाजूला गोठणारं. आबांनी तो विकायचा नाही असं सांगून ठेवलं आहे. केंद्राच्या डॉक्टरांनी त्याच्या आईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक लिहून घेतला. अडीच वर्षांचा झाला की त्याचं वीर्य घेतील, आणि बहाळाचं पाहिलं तसंच तिन्ही पायऱ्यांवर पाहतील: ताजं, 4 अंशांवरचं आणि वितळवलेलं.